‘चरक म्हणतात’ एवढ्याने भागत नाही : मानसविषयक शोधनिबंधातील संदर्भलेखन

मानसरोगांविषयी आयुर्वेदीय चिकित्सकांनी लिहिलेले निबंध केवळ आपल्याच नियतकालिकांकडे नव्हे, तर मानसशास्त्राच्या नियतकालिकांकडेही जाऊ लागले आहेत. ही स्वागतार्ह गोष्ट होय. मुळशी तालुक्यापुरते बोलायचे तर हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानात रात्रपाळी करणारा तरुण आणि ताम्हिणीच्या बाजूचा भातशेतकरी हे दोघेही अनिद्रा, चिंता, उद्वेग अशा तक्रारी घेऊन वैद्याच्या दारी येतात. त्यांच्या नोंदी नीट ठेवल्या तर अभ्यासास उपयुक्त असे पुष्कळ साहित्य हाती येते. मात्र ते निबंधरूपाने परीक्षकापुढे गेले की चिकित्सेची चर्चा सुरू होण्याआधीच परीक्षक संदर्भांपाशी अडतो.

एका वैद्यमित्राचा उन्मादावरील निबंध मध्यंतरी अशाच एका नियतकालिकाकडून परत आला. औषधयोजनेविषयी परीक्षकाने एकही शंका घेतली नव्हती. त्याचे प्रश्न तीनच होते. उद्धृत केलेले वचन नेमके कोणाचे? ते कोणत्या आवृत्तीत पाहिले? आणि मापनासाठी वापरलेली प्रश्नावली मुळातून वाचली होती काय? हे तिन्ही प्रश्न आपणा सर्वांसाठी महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचाच क्रमाने विचार करावयाचा आहे.

संदर्भ देणे ही परकी प्रथा नव्हे

‘संदर्भांचे हे अवडंबर पाश्चात्त्यांचे, आपल्या शास्त्राला त्याची गरज नाही’ असा सूर कधीकधी ऐकू येतो. तो ग्रंथाधारावर टिकत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात रसांच्या संख्येविषयी जी संभाषा झाली, तिचा वृत्तान्त पाहावा. रस एकच असे भद्रकाप्याचे मत, दोन हे शाकुन्तेयाचे, तीन हे मौद्गल्याचे, चार हे हिरण्याक्ष कौशिकाचे. अशा रीतीने प्रत्येक मत त्याच्या धन्याच्या नावासह नोंदले आहे, आणि त्यानंतरच आत्रेयांचा निर्णय येतो. तंत्रयुक्तींमध्ये ‘अनुमत’ ही एक स्वतंत्र युक्ती आहे. दुसऱ्याचे मत सांगून ते न खोडणे म्हणजे ते मान्य करणे, हा तिचा आशय. मत दुसऱ्याचे आहे हे सांगितल्याशिवाय ही युक्ती उभीच राहत नाही. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्तही आपल्या टीकेत पूर्वीच्या टीकाकारांचा नामनिर्देश करतो.

आधुनिक काळात याच परंपरेची काटेकोर मांडणी पुण्यात झाली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तीत कोणता पाठ कोणत्या हस्तलिखितात आहे, हे पानोपानी नोंदलेले आहे. त्याच संस्थेचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी निर्णयसागर मुद्रणालयाच्या १९३९ च्या अष्टाङ्गहृदयाच्या आवृत्तीस प्रस्तावना लिहिली. ही आवृत्ती आज आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात पुनर्मुद्रित रूपात असते, परंतु तिची प्रस्तावना फारच थोडे जण उघडतात.

मानसशास्त्राची रीत

मानसशास्त्राच्या नियतकालिकांत बहुधा अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजेच ए.पी.ए.ची पद्धती चालते. तिचा आरंभ १९२९ साली ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये छापलेल्या अवघ्या सात पानांच्या सूचनांनी झाला. आज तिची सातवी आवृत्ती प्रचलित असून ती २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. वैद्यकीय नियतकालिके बहुधा व्हँकुव्हर पद्धती वापरतात. वैद्यकीय संपादकांच्या १९७८ सालच्या व्हँकुव्हर येथील बैठकीतून ती आली. तिच्यात मजकुरात केवळ अंक येतो आणि शेवटच्या सूचीत त्या अंकापुढे ग्रंथ सापडतो. ए.पी.ए. पद्धतीत मजकुरातच लेखकाचे आडनाव व वर्ष येते, आणि सूची आडनावांच्या वर्णानुक्रमाने लागते. एकाच निबंधात दोन्ही पद्धतींची सरमिसळ हा सर्वांत ठळक दोष होय.

ए.पी.ए. पद्धतीचे मुख्य नियम थोडक्यात असे. सर्वत्र दुप्पट ओळअंतर ठेवावे व चारही बाजूंना एक इंच समास सोडावा. सारांश साधारणतः २५० शब्दांच्या आत असावा. तीन किंवा अधिक लेखक असल्यास मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच पहिले आडनाव देऊन पुढे ‘व इतर’ लिहावे. सूचीत मात्र वीस लेखकांपर्यंत सर्वांची नावे द्यावीत. सूचीतील प्रत्येक नोंदीची पहिली ओळ समासालगत येते, पुढच्या ओळी अर्धा इंच आत सरकतात. मजकुरात उल्लेखिलेला प्रत्येक स्रोत सूचीत हवा, आणि मजकुरात नसलेला एकही स्रोत सूचीत नको. हा शेवटचा नियम साधा वाटतो, परंतु परत आलेल्या निबंधांत तोच वारंवार मोडलेला दिसतो.

वचन कोणाचे?

मनोदोषांवर बुद्धी, धैर्य व आत्मज्ञान यांची योजना सांगणारा श्लोक सर्वांच्या तोंडी आहे. तो अष्टाङ्गहृदयाच्या सूत्रस्थानातील पहिल्या अध्यायात (१/२६) येतो. चरकसंहितेतही मानसदोषांच्या शमनासाठी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी यांचा निर्देश सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात (१/५८) आहे. आशय जवळचा असल्याने वाग्भटाचा श्लोक चरकाच्या नावावर घातला जातो. मानसशास्त्राच्या परीक्षकाला दोघेही सारखेच अपरिचित. त्याने अनुवाद उघडला आणि तेथे तो श्लोक मिळाला नाही, तर तो संपूर्ण निबंधाविषयी साशंक होतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

दुसरा मुद्दा दृढबलाचा. चिकित्सास्थानातील सतरा अध्याय आणि संपूर्ण कल्पस्थान व सिद्धिस्थान आपण पूर्ण केल्याचे दृढबल स्वतःच सांगतो. ते सतरा अध्याय कोणते, याविषयी मतभेद आहेत. चक्रपाणीच्या मताप्रमाणे उन्मादचिकित्सित हा अध्याय त्या सतरांत पडतो. उन्मादनिदान मात्र निदानस्थानातील सातवा अध्याय असल्यामुळे या वादाच्या बाहेर राहते. उन्मादाविषयी लिहिताना दोन्ही स्थाने ‘चरकाचे मत’ म्हणून एका दमात देणे म्हणूनच सैलपणाचे ठरते. ‘चरकसंहितेत’ असे लिहिले तर ते बिनचूक ठरते. ‘चरक म्हणतात’ असे लिहिले की ते सिद्ध करण्याची जबाबदारी लेखकावर येते.

कोणती आवृत्ती?

उन्मादचिकित्सिताचेच उदाहरण पुढे नेऊ. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेल्या निर्णयसागरच्या १९४१ च्या आवृत्तीत हा अध्याय चिकित्सास्थानातील नववा आहे. बंगालमधील परंपरेत आठव्या अध्यायानंतर अर्श, अतिसार इत्यादी अध्याय आधी येतात आणि उन्माद त्यांच्या मागून येतो. म्हणजे ‘चरक, चिकित्सा ९’ एवढाच निर्देश केला, तर एका वाचकाला उन्माद सापडेल आणि दुसऱ्याला अर्श! आवृत्तीचा उल्लेख का करावयाचा, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

प्राचीन ग्रंथांसाठी ए.पी.ए. पद्धतीत सोयीची तरतूद आहे. पृष्ठांकाऐवजी ग्रंथाची परंपरागत विभागणी द्यावी असे ती सांगते. आपल्या दृष्टीने ती विभागणी म्हणजे स्थान, अध्याय व श्लोक. वर्ष मात्र हातातील आवृत्तीचे द्यावे. प्रत पुनर्मुद्रित असेल तर मूळ प्रकाशनाचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष ही दोन्ही तिरप्या रेघेने जोडून लिहावीत. सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ देण्याची प्रथा बंद केली आहे. आपल्याला त्यामुळे अधिक दक्ष राहावे लागते, कारण ‘चौखम्बा’ या नावाने आरंभ होणाऱ्या प्रकाशनसंस्था एकाहून अधिक आहेत. केवळ ‘चौखम्बा’ लिहिल्याने ग्रंथ मिळत नाही, संस्थेचे संपूर्ण नाव लिहावे.

नावांचाही घोळ होतो. यादवजी हे नाव, त्रिकमजी हे पित्याचे नाव, आचार्य हे उपनाम. हेच संपादक कोठे ‘आचार्य’, कोठे ‘त्रिकमजी’, तर कोठे ‘यादवजी’ या नावाखाली सूचीत दिसतात, आणि एका व्यक्तीच्या तीन व्यक्ती होतात. एक रूप निश्चित करून ते शेवटपर्यंत पाळावे. इंग्रजी अनुवादांच्या बाबतीत दोन शर्मा समोर येतात. रामकरण शर्मा यांनी भगवान दाश यांच्यासह अनुवाद केला, प्रियव्रत शर्मा यांनी स्वतंत्र. आडनाव समान असल्यास मजकुरातही आद्याक्षरे द्यावीत, हा ए.पी.ए.चा नियम येथे नेमका उपयोगी पडतो. आणि अनुवाद वाचून लिहिले असेल तर अनुवादाचाच संदर्भ द्यावा. दुसऱ्याच्या लेखात पाहिलेले वचन मूळ ग्रंथात पाहिल्याप्रमाणे मांडू नये. मूळ पाहणे अशक्यच असेल तर ‘अमुकांच्या लेखात उद्धृत’ असे स्पष्ट लिहावे.

प्रश्नावली मुळातून वाचली काय?

हॅमिल्टन यांची विषादमापनश्रेणी १९६० सालची. ती चिकित्सकाने रुग्णाशी बोलून स्वतः भरावयाची असते. बेक यांची विषादप्रश्नावली १९६१ ची, तिची दुसरी सुधारित आवृत्ती १९९६ ची, आणि ती रुग्ण स्वतः भरतो. ‘रुग्णांकडून हॅमिल्टन श्रेणी भरून घेतली’ असे वाक्य निबंधात आले की मूळ लेख वाचलेला नाही हे परीक्षक तत्काळ ओळखतो. सूचीत मूळ लेख द्यावा. मराठी भाषांतर वापरले असेल तर ते कोणाचे, त्यास अनुमती होती काय, आणि त्याची विश्वसनीयता कोणी तपासली, हेही सांगावे. भाषांतर स्वतः केले असल्यास तसे नमूद करावे. उद्वेग, विषाद, खिन्नता या शब्दांनी रुग्ण एकच गोष्ट समजतो असे नाही. मापनाचा सारा डोलारा त्या शब्दांवर उभा असतो.

गुरुमुखातून मिळालेले

आपल्या व्यवसायात बरेच ज्ञान छापील नसते. गुरूंनी सांगितलेला योग किंवा मावळातील एखाद्या वृद्ध वैदूकडून कळलेला वनस्पतीचा उपयोग यांचे काय करावे? ए.पी.ए. पद्धतीत यासाठी ‘वैयक्तिक संवाद’ असा प्रकार आहे. सांगणाऱ्याच्या अनुमतीने त्याचे नाव व संवादाची तारीख मजकुरात द्यावी. वाचकाला तो स्रोत तपासता येत नसल्यामुळे सूचीत त्याची नोंद होत नाही. अभ्यासात सहभागी झालेल्या रुग्णाचे उद्गार हा मात्र निराळा विषय आहे. तेथे नाव द्यावयाचे नसते. ते आपल्याच अभ्यासाचे साहित्य असल्याने त्यास संदर्भही लागत नाही. गोपनीयता राखणे हेच तेथे कर्तव्य.

दोन सावधगिऱ्या

पहिली सावधगिरी नियतकालिक निवडण्याची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तत्कालीन मान्य यादीतील १,००९ नियतकालिकांची छाननी भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडली. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट ठरण्याजोगी आढळली. त्यानंतर ‘यूजीसी-केअर’ ही यादी आली आणि तिचे काम पुणे विद्यापीठाकडे होते. २०२५ साली आयोगाने तीही बंद केली. आता यादीचा आधार उरला नसल्याने पारख लेखकालाच करावी लागते. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे प्रबंधादी लेखनात दहा टक्क्यांवरील साम्य कारवाईस पात्र ठरते. रीतसर श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर त्यात धरला जात नाही. श्लोक अवतरणचिन्हांत व संदर्भासह देणे म्हणूनही हिताचे.

दुसरी सावधगिरी यंत्राची. ‘झोटेरो’सारखी विनामूल्य संगणकप्रणाली सूची लावून देते, तिचा उपयोग अवश्य करावा. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेला संदर्भ ‘सुचव’ म्हटले की ती अस्तित्वात नसलेले लेखही लेखक, वर्ष व पृष्ठांकासह सुबकपणे लिहून देते. न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३ साली दोन वकिलांनी असे कल्पित निवाडे सादर केले. त्यांना व त्यांच्या कार्यालयाला मिळून पाच हजार डॉलरांचा दंड झाला. जो ग्रंथ डोळ्यांनी पाहिला नाही, तो सूचीत घालू नये.

याकरिता एक सवय लावून घ्यावी. वाचन चालू असतानाच, वचन उतरवून घेतेवेळी, ग्रंथ, स्थान, अध्याय, श्लोक, टीकाकार, संपादक, प्रकाशक व वर्ष एका कागदावर नोंदावे. निबंध पूर्ण झाल्यावर शोधू म्हटले तर अर्धे संदर्भ सापडत नाहीत आणि उरलेले स्मरणावर लिहिले जातात.

आप्तोपदेश हे आपण प्रमाण मानतो. पण आप्त कोण आणि त्याचा उपदेश नेमका कोणता, हे निश्चित झाल्यावरच ते प्रमाण लागू पडते. पुणे विद्यापीठातून विद्यावाचस्पती झालेले आणि कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात अध्यापन केलेले डॉ. आनंद परांजपे यांनी १९८४ व १९९८ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत भारतीय चिंतन व आधुनिक मानसशास्त्र यांना एकमेकांसमोर आणले. सत्त्वावजयाचा विचारही त्याच योग्यतेने जगापुढे जाऊ शकतो. त्यासाठी कोणीही परका वाचक ग्रंथ उघडून त्याच ओळीवर बोट ठेवू शकेल, अशी वाट आपण त्याला आखून द्यावी. इत्यलम्।