नौका ताब्यात येईपर्यंत

शिडाची लहान नौका बांधावयास दिली म्हणजे ती लागलीच हाती येत नाही. करारावर सही झाल्यापासून नौका पाण्यावर उतरून मालकाच्या ताब्यात येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाते. पुष्कळदा त्याहूनही अधिक. हा काळ मालकास रिकामा वाटतो आणि ‘नौका केव्हा मिळणार?’ एवढा एकच प्रश्न तो कारखानदारास विचारीत राहतो. वास्तविक याच काळात विचारण्याजोगे दुसरे अनेक प्रश्न असतात. पुढे भर समुद्रात ज्या भागांवर खलाशाचा जीव अवलंबून राहावयाचा असतो, ते भाग बांधणी चालू असतानाच काय ते डोळ्यांना दिसतात. वर तक्तपोशी बसली, आतून फळ्या चढल्या, रंगाचे हात फिरले, की ते जवळजवळ कायमचे झाकले जातात.

मुंबईची ‘सुहेली’

याचे एक बोलके उदाहरण खुद्द मुंबईत घडले आहे. ब्रिटिश व्यापारी जहाजावरील एक तरुण अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६०नंतरच्या काही वर्षांत मुंबईत एक लहान शिडाची नौका बांधावयास घेतली. त्यांनी इंग्लंडहून जे आराखडे मागविले होते ते न येता १९२३ सालच्या एका जुन्या धाटणीच्या, ‘एरिक’ नावाच्या नौकेचे आराखडे हाती पडले. ते परत पाठवून नवे मागविण्यात वेळ दवडण्याऐवजी त्यांनी त्याबरहुकूमच काम सुरू केले. सुमारे ३२ फूट लांबीची, सागवानी लाकडाची ही नौका भारतीय सुतारांनी वाकस आणि दोरीने फिरविण्याचे सामते अशा आपल्या परंपरागत हत्यारांनी घडविली. १९६४ साली ती पाण्यावर उतरली आणि तिचे नाव ‘सुहेली’ असे ठेवण्यात आले.

आराखडा जुना निघाला, ही गोष्ट पुढे इष्टापत्तीच ठरली. रुंद, जड आणि संथ अशी ही नौका शर्यतीच्या दृष्टीने कोणासही आकर्षक वाटली नसती. तथापि १९६८ साली एकट्याने व कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची जी शर्यत झाली, तीत नऊ जण निघाले आणि पूर्ण करणारे एकटे नॉक्स-जॉन्स्टनच ठरले. १४ जून १९६८ रोजी फॅलमथ बंदरातून निघालेली ‘सुहेली’ ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, त्याच बंदरात परतली.

मात्र या विजयामागे एक प्रसंग आहे. अटलांटिक महासागरात असतानाच नौकेत पाणी येऊ लागले. तळकण्यालगतची फळ्यांची सांध दोन्ही बाजूंनी उघडी पडली होती. नॉक्स-जॉन्स्टन यांनी स्वतः पाण्यात बुडी मारून त्या सांधेत कापूस भरला, डांबर लावलेल्या कापडाची पट्टी तीवर ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा बसविला. हे सर्व श्वास रोखून, अवघ्या काही क्षणांच्या बुड्यांत करावे लागले. नौका सुतारांच्या हाताखाली उघडी असते त्या वेळी अशा सांधेस पोहोचणे हे गुडघे टेकून बसण्याइतके सोपे असते. मालकाने बांधणीच्या जागी फेऱ्या का माराव्यात, याचे याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

दिवाडी बेटावरील काम

चार दशकांनंतर गोव्यात बांधल्या गेलेल्या ‘म्हादेई’च्या बाबतीत ही काळजी मुळापासून घेतलेली दिसते. एखाद्या भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी येथे स्थायिक झालेल्या या नौसेनानींनी तिचा पाठपुरावा केला. नौदलाने ती उचलून धरली आणि २००६ साली कमांडर दिलीप दोंदे या कामी स्वेच्छेने पुढे आले. नौका परदेशातून विकत न घेता देशातच बांधावयाची असे ठरले. आराखडा हॉलंडमधील व्हॅन द स्टाट या संस्थेचा, आणि बांधणी मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात.

सुमारे ५६ फूट लांबीच्या या नौकेचे कवच लाकडी पट्ट्या, काचतंतू व इपॉक्सी राळ यांचे आहे. या पद्धतीत अरुंद पट्ट्या एकमेकींस चिकटवून आकार उभा करतात आणि आतून-बाहेरून काचतंतूंचे थर देतात. तयार कवच हलके आणि भक्कम असते. परंतु लाकूड दमट राहिले, राळ व तिचे घट्टक यांचे प्रमाण चुकले किंवा हवेतील ओलावा फार वाढला, तर थर एकजीव होत नाहीत. कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने ही अडचण असतेच. तेव्हा कारखानदार ‘हा थर आठ दिवसांनी देऊ’ असे म्हणाला, तर त्याच्यावर चिडण्याऐवजी त्याचे आभार मानावेत. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या कवचात राहिलेली पोकळी रंग दिल्यावर कोणासही दिसत नाही.

‘म्हादेई’च्या बांधणीवर दोंदे यांनी जातीने लक्ष ठेवले, आणि याच प्रतीक्षेच्या काळात स्वतःची तयारीही केली. २००६ साली नॉक्स-जॉन्स्टन पुन्हा एका जागतिक शर्यतीस निघाले, तेव्हा त्यांची नौका सज्ज करण्याच्या कामात दोंदे यांनी हात लावला. ‘सुहेली’चा अनुभव अशा रीतीने ‘म्हादेई’पर्यंत पोहोचला. जी तार, जो पंप, जी झडप आपल्या देखत बसविली गेली, ती अंधारात आणि वादळात हाताने चाचपून शोधता येते. एकट्याने जाणाऱ्या खलाशास हे ज्ञान नकाशाइतकेच मोलाचे.

पाण्यावर उतरल्यानंतर

नौका पाण्यावर उतरली म्हणजे ती तयार झाली असा एक गैरसमज आहे. डोलकाठी त्यानंतर उभी राहते. तिला आधार देणाऱ्या पोलादी तारा ताणल्या जातात आणि पहिल्या काही सफरींत त्या सैल पडत असल्याने पुन्हा ताणाव्या लागतात. नौकेचा तोल तपासण्यासाठी ठराविक वजने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकवून ती किती कलते हे ओळंब्याने मोजतात. तळाचे जड वजन तिला पुन्हा उभी करण्यास पुरेसे आहे की नाही, हे या आकड्यांवरून कळते. गोव्यातील याच कारखान्यात अभिलाष टॉमी यांच्यासाठी ‘सुहेली’च्याच धर्तीवर बांधलेली ‘थुरिया’ ही छोटी नौका २०१८ सालच्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातील वादळात उलटली. डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीस गंभीर दुखापत झाली. परंतु कवच तरंगत राहिले आणि सुटका होईपर्यंत तीन दिवस त्यांना तेवढाच आसरा होता.

पैशाच्या व्यवहाराबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. रक्कम सहसा हप्त्यांनी दिली जाते. प्रत्येक हप्ता तारखेस न जोडता कवच पुरे होणे, तक्तपोशी बसणे, नौका पाण्यात उतरणे अशा प्रत्यक्ष कामास जोडलेला असावा. दिलेल्या रकमेच्या प्रमाणात अर्धवट नौकेवर व आणलेल्या सामानावर मालकाचा हक्क राहील, असे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. अन्यथा कारखाना मध्येच बंद पडला तर पैसाही जातो व नौकाही. अखेरचा हप्ता समुद्रावरील चाचणी होऊन, निघालेले दोष दुरुस्त झाल्यावरच द्यावा. ताबा घेताना विद्युत् तारांचे व नळांचे नकाशे, यंत्रांची हमीपत्रे आणि तळाच्या प्रत्येक झडपेची नोंद मागून घ्यावी. बहुतेक मालक या वेळी झेंडा व नाव रंगविण्याच्या गडबडीत असतात आणि नेमके हे कागद राहून जातात.

‘म्हादेई’ फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली, पण प्रदक्षिणेस लगेच निघाली नाही. आधी ती मॉरिशसपर्यंत नेण्यात आली, आणि तेथून दोंदे तिला एकटेच गोव्यास घेऊन आले. निघालेल्या उणिवा दुरुस्त झाल्यावर, १९ ऑगस्ट २००९ रोजी, ऐन पावसाळ्यात तिने मुंबई बंदर सोडले. वाटेत चार बंदरे घेऊन ती १९ मे २०१० रोजी मुंबईस परतली.