रथ, प्रोजेक्टर आणि झिजलेला दात

गेल्या वेळी आपण मिलिंद राजाच्या रथापाशी थांबलो होतो. नागसेन विचारतात, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा दरवेळी नाही म्हणतो. मराठवाड्याला ही नावं परकी नाहीत. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत काढलेलं कॉलेज मिलिंद, नि परिसर नागसेनवन. आज रथाच्या जागी आम्ही प्रोजेक्टर घेतो. जत्रेत तंबूतला सिनेमा दाखवायचा तो, ३५ मिलिमीटरचा. आम्ही एक जुना विकत घेतला होता.

यात फिल्म सलग धावत नाही. सेकंदाला २४ वेळा थांबते, पुन्हा ओढली जाते. हे काम चार खाचांच्या माल्टा क्रॉसचं. पिनचा एक फेरा झाला की क्रॉस पाव फेरा फिरतो, आणि त्याच आसावरचं सोळा दातांचं चक्र फिल्मची चार भोकं, म्हणजे एक चित्र, खाली ओढतं. अडीच तासांच्या सिनेमात असे झटके २,१६,०००. झीज इथं होणारच.

आमच्या मशीनचं चित्र पडद्यावर नाचायचं. आम्ही (तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट!) गेटची स्प्रिंग आवळली. नाच थांबला. आम्ही खूश!

मेकॅनिक आला. त्यानं मशीन उघडलंच नाही, आधी फिल्मची कड बोटांनी चाचपली. भोकांच्या एकाच बाजूला चिरा होत्या. दात एका अंगानं झिजून आकड्यासारखे झाले होते, आणि आवळलेल्या गेटमधून फिल्म ओढताना तिला फाडत होते. त्यानं चक्र काढून उलटं बसवलं. दातांची न झिजलेली बाजू कामाला लागली. आसाचं बुश सैल होतं, नाच त्यामुळे. जालना लोखंडाचं गाव, बुश लेथवर संध्याकाळपर्यंत झालं. पिन मात्र तो एकटी बदलेना. जुन्या खाचेत नवी पिन खडखडते, बदलायची तर जोडीच.

बघा, नागसेन विचारतात रथ कुठे आहे. हा विचारत होता, या भागाची झीज पुढे कुणाला भोगावी लागते? दोन्ही प्रश्न एकाच वस्तूचे, पण दुसरा आम्हाला सुचलाच नव्हता.

स्प्रिंग त्यानं सैल केली. फाटलेली २०० फूट फिल्म कापावी लागली, म्हणजे सव्वादोन मिनिटं. त्यात एका गाण्याचं अख्खं कडवं गेलं.