कोजागिरी, ट्रोनाच्या सुळक्यांत

आपल्या मंडळाची कोजागिरी कशी होते हे सभासदांना सांगायला नको. शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घ्यायचा, ट्यूबलाइटच्या उजेडात कागदी कपांतून मसाला दूध प्यायचे, भेंड्या रंगात येतात न येतात तोच साडेनऊला रखवालदाराच्या किल्ल्या वाजू लागतात, आणि चंद्र दिसतो तो शेवटी पार्किंग लॉटमध्ये, गाडीत रिकामी पातेली चढवताना. दोन वर्षांपूर्वी हा विषय निघाला तेव्हा आमच्यातल्या एकाने विचारले, "चंद्रच बघायचा तर जिथे दुसरा दिवा नाही अशा ठिकाणी का जात नाही?" त्यावरून आम्ही पाच कुटुंबे, लहानमोठी एकोणीस माणसे, मोहावी वाळवंटात ट्रोना पिनॅकल्सला एक रात्र मुक्काम करून आलो. आल्यापासून चौकशीचे इतके फोन आले की एकदाच सगळे लिहून काढावे असे ठरले.

ट्रोना पिनॅकल्स म्हणजे कोरड्या पडलेल्या सर्ल्स सरोवराच्या तळावर उभे असलेले पाचशेहून अधिक दगडी सुळके. काही तर १४० फूट उंच आहेत. हिमयुगात येथे खोल पाणी होते. तळातून वर येणाऱ्या झऱ्यांतले कॅल्शियम सरोवराच्या खारट पाण्याला मिळाले की चुनखडीचे थर साचत. असे दहा हजार ते एक लाख वर्षांपूर्वीच्या काळात घडत गेले. मग पाणी आटले आणि सुळके उघडे पडले. १९६८ मध्ये त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. 'स्टार ट्रेक'च्या १९८९ च्या चित्रपटाचे चित्रण येथे झाले आहे, त्यामुळे मुले एका पायावर तयार झाली.

लॉस एंजेलिसहून मोहावी गाव, तेथून रिजक्रेस्ट, आणि पुढे १७८ नंबरच्या रस्त्याने वीसेक मैल. थांबत-थांबत साडेतीन-चार तास लागतात. शेवटचे पाच मैल कच्चा रस्ता आहे. पलीकडच्या ट्रोना गावात सोडा अ‍ॅशचे मोठे कारखाने आहेत. एकोणिसाव्या शतकात जॉन सर्ल्सने या तळ्यातून बोरॅक्स काढायला सुरुवात केली, त्याचेच नाव तळ्याला पडले. आणि गंमत म्हणजे येथली कंपनी २००७ मध्ये आपल्या अहमदाबादच्या निरमाने विकत घेतली होती! ज्या पावडरीची जाहिरात बघत आपण मोठे झालो, तिचा धागा या रानात येऊन पोचावा याचे सगळ्यांना भारी नवल वाटले.

आमच्याबरोबर सासूबाई होत्या. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या, वय पंचाहत्तर. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे रान कुणाचं?" आम्ही म्हटले, सरकारचे. "म्हंजे गायरान म्हणा की." याहून चांगला शब्द आम्हाला सुचला नसता. ही जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट म्हणजे बी.एल.एम. या खात्याची आहे. १९४६ मध्ये जमिनींचे जुने खाते आणि चराईचे खाते एकत्र करून ते स्थापन झाले, आणि आजही त्याच्या पुष्कळ जमिनीवर गुरे चरतात. त्याच्याकडे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. आपले तीन महाराष्ट्र त्यात बसतील. नॅशनल पार्कसारखे येथे फाटक नाही, तिकीट नाही, नंबर घातलेल्या जागा नाहीत. साधारणपणे एका जागी चौदा दिवस फुकट राहता येते. पण नळही नाही, कचऱ्याचा डबा नाही, आणि तुम्ही आलात की गेलात हे बघायलाही कोणी नाही. हा शेवटचा मुद्दा आम्ही एकदा चांगलाच शिकलो आहोत.

त्याच्या काही वर्षे आधी फेब्रुवारीच्या लाँग वीकएंडला आमचे आणि एका मित्राचे कुटुंब याच ठिकाणी गेले होते. हवामानाचा अंदाज बघितला नव्हता. पाणी म्हणजे बाटल्यांचे एक खोके. रात्री दोनला पाऊस आला, फार नाही, तासभर. सकाळी निघालो तर तळ्याच्या मातीचा साबण झालेला. आमची व्हॅन दोन्ही चाकांनी रुतली, ओढायला गेलेली मित्राची गाडीही रुतली. फोनला रेंज नव्हती. धाकटी तेव्हा चार वर्षांची होती. दुपारी तिने पाणी मागितले तेव्हा खोक्यात तीन बाटल्या उरल्या होत्या आणि आम्ही मोठ्यांनी सकाळपासून घोटच मोजले होते. संध्याकाळी एक ट्रकवाला आला म्हणून सुटलो. आमच्या रोडसाइड विम्यात कच्चा रस्ता बसत नाही हेही नंतर कळले. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: आदल्या किंवा त्या दिवशी पावसाचे नाव जरी असले तरी सहल रद्द. तंबू, दूध, उत्साह सगळे तयार असले तरी रद्द.

म्हणून या खेपेला दोन महिने आधी बसलो. महिना आपोआप ठरला. उन्हाळ्यात येथे पारा ११० अंशांच्या वर जातो, तेव्हा ऑक्टोबर ते एप्रिल हाच काळ. कोजागिरी आठवड्याच्या मधल्या वारी आली होती, म्हणून पुढचा शनिवार धरला. कॅलिफोर्नियात साधा गॅसचा स्टोव्ह पेटवायलाही कॅम्पफायर परमिट लागते. ते फुकट मिळते, काढून घ्यावे. लाकडे घरून न्यावीत. वाळवंटातली काटकी वाळायला आणि वाढायला किती वर्षे लागतात याचा विचार केला तर ती तोडवत नाही.

पाण्याचा हिशेब असा: माणशी दिवसाला एक गॅलन. एकोणीस माणसे, दोन दिवस म्हणजे अडतीस, आणि एक दिवस अडकलो तर म्हणून आणखी एकोणीस. एकूण सत्तावन्न, ते आम्ही साठ धरले. पाच गॅलनचे बारा निळे कॅन घेतले. साठ गॅलनचे वजन पाचशे पौंड भरते, म्हणून सगळे एका गाडीत न घालता पाचही गाड्यांत वाटले. एक गाडी रुतली तर तिच्याबरोबर सगळे पाणी रुतायला नको.

पोचल्यावर मुलांनी कॅनची तोटी सोडून हात धुवायला सुरुवात केली, आणि सासूबाई खुर्चीतून उठल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायच्या कामावर होत्या, हे आम्हाला ऐकून माहीत होते; पाहिले त्या दिवशी. "मोजून आणलंय न्हवं? मग मोजूनच काढायचं." त्यांनी तोट्या बंद केल्या, एका कॅनपाशी तांब्या घेऊन बसल्या, आणि ज्याला हवे त्याला स्वतः देऊ लागल्या. खरकटी पातेली आधी कोरड्या मातीने घासायची, मग फडक्याने पुसायची, मग तांब्याभर पाणी. ज्या नातवंडांना घरी त्या 'ओल्ड फॅशन्ड' वाटतात ती निमूटपणे रांगेत उभी होती. परत निघालो तेव्हा सव्वीस गॅलन शिल्लक होते.

संडासाबद्दल कोणी लिहीत नाही, पण फोनवर सगळे आधी तेच विचारतात. पिनॅकल्सपाशी बिनपाण्याचा एक संडास आहे, मात्र रात्री वयस्कर माणसाला तेवढे लांब नेणे धोक्याचे. आम्ही बादलीवर बसणारी सीट, जाड पिशव्या आणि आडोशाचा छोटा तंबू नेला, आणि प्रत्येक ज्येष्ठाला स्वतःची एक लिटरची बाटली दिली. सगळे बांधून परत आणले. चपला-बूट सकाळी झटकून घालायचे हे मात्र सासूबाईंना सांगावे लागले नाही, त्यांनीच आम्हाला सांगितले.

रात्रीचे काय सांगावे! दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग झाले. चंद्र पौर्णिमेच्या पुढे गेलेला, त्यामुळे अंधार पडल्यावर बराच वेळ नुसत्या चांदण्या होत्या. मुलांनी आकाशगंगा पहिल्यांदा बघितली. वारा सुटला म्हणून गाड्या आडव्या लावून स्टोव्हला आडोसा केला. केशर-जायफळ घातलेले दूध उकळी येईतो पूर्वेला डोंगराची कड उजळली, आणि मग एकेक सुळका पांढरा होत गेला. कोणी गाणे म्हणेना. भेंड्यांचा बेत तसाच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या माळावर असंच दिसायचं," आणि पुष्कळ वेळ बोलल्या नाहीत.

आता मंडळाचा प्रश्न. कार्यकारिणीत सूचना आली आहे की पुढची कोजागिरी सगळ्यांनी मिळून तेथेच करावी, फ्लायर काढून, माणशी वर्गणी लावून. आमचा याला विरोध आहे. चार घरे खर्च वाटून घेऊन जातात ती गोष्ट वेगळी. संस्थेने मोठा जमाव न्यायचा तर आधी रिजक्रेस्टच्या बी.एल.एम. कचेरीला विचारावे लागते, स्पेशल रिक्रिएशन परमिट लागू शकते, आणि खर्चाहून जास्त पैसे घेतले तर तो धंदा ठरतो. पण परवाना मिळाला तरी चाळीस कुटुंबांचे पाणी, चाळीस गाड्यांची चाके आणि भारतातून आलेल्या पंधरा-वीस आईवडिलांची जबाबदारी कोण घेणार? जवळचे हॉस्पिटल रिजक्रेस्टला आहे आणि फोन लागत नाही. चार-पाच घरांनी गट करून जावे, एकमेकांना ओळखणाऱ्यांनी. निघण्यापूर्वी गाड्यांचे नंबर, माणसांची नावे आणि मुक्कामाची जागा लिहून एक कागद मागे राहणाऱ्या कोणाकडे द्यावा. आमचा कागद एका वहिनींकडे होता. रविवारी रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर शेरीफला कळवायचे ठरले होते. आम्ही पावणेसातला फोन केला तेव्हा त्या फोनशेजारीच बसल्या होत्या.

बारा निळे कॅन, बादलीची सीट आणि आडोशाचा तंबू आमच्या गॅरेजमध्ये आहेत. ज्या गटाला जायचे असेल त्यांनी खुशाल न्यावेत. कॅन मात्र धुऊन, वाळवून परत आणावेत, आणि निघायच्या दोन दिवस आधी हवामान बघून आम्हाला एक फोन करावा.