जुन्या मोटारीचा क्लच काढण्यापूर्वी

पुण्याहून भूगाव, पिरंगुट, पौड असे करीत मुळशी धरणाच्या कडेने पुढे गेले, की ताम्हिणीचा घाट लागतो. पावसाळ्यात ढग थेट रस्त्यावर उतरतात. या वळणांवर मोटार हाकणाऱ्याच्या डाव्या पायाला क्षणाचीही उसंत नसते. क्लच दाबा, गिअर बदला, क्लच सोडा. पुन्हा वळण, पुन्हा तेच.

आता अशी कल्पना करा, की पौडकडच्या एका निवृत्त गुरुजींच्या दारात 1972 सालची फियाट उभी आहे. वडिलांनी घेतलेली, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून घरोघर ठाऊक झाली. गुरुजींचा डावा गुडघा आखडला आहे. क्लच दाबवत नाही. गाडी विकायला मन धजत नाही. मुलगा म्हणतो, "दादा, ऑटोमॅटिक गिअर बसवून घेऊ." गुरुजींनी काय करावे?

उत्तर देण्यापूर्वी गिअर म्हणजे काय ते पाहू. शिक्षकांनी वर्गात सायकल आणावी. पायडलजवळच्या चक्राला 48 दाते आणि मागच्या चक्राला 16 दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक 3 वेळा फिरते. वेग मिळतो, पण चढावर पाय भरून येतात. मागचे चक्र अधिक दात्यांचे लावले, तर वेग घटतो आणि चढ सोपा होतो. मोटारीच्या गिअरबॉक्सचे काम हेच. पहिला गिअर जोराचा, चौथा वेगाचा. आणि दाते बदलताना इंजिन व चाके यांची क्षणभर फारकत करावी लागते. ती करणारा तो क्लच.

ऑटोमॅटिक गाडीत हे काम तेल करते. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. दोघांत जोड नाही, तरी जोर पोचतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा आणि मध्ये तेलाला योग्य दिशेने परतवणारे तिसरे चक्र ठेवा. झाला टॉर्क कन्व्हर्टर! गाडी जागची हलताना हे यंत्र इंजिनाचा पीळ जवळजवळ दुप्पट करून देते. ही युक्ती जर्मनीच्या हर्मान फ्योटिंगर यांनी 1905 साली जहाजांसाठी काढली. मोटारींत पूर्ण ऑटोमॅटिक गिअर मोठ्या प्रमाणावर आला तो अमेरिकेत, 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून.

मग जुन्या फियाटला तो बसवावा का? येथेच खरी मेख आहे. या गाडीचे इंजिन 1089 सी.सी.चे, ताकद चाळीस ते पन्नास अश्वशक्तीच्या घरात. तेलातून जोर नेताना त्यातला काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. मोठ्या इंजिनाला ते जाणवत नाही. लहान इंजिनाला, चार माणसे बसवून घाट चढताना, चांगलेच जाणवते.

शिवाय काम एका डब्याच्या अदलाबदलीवर भागत नाही. ऑटोमॅटिकचा डबा रुंद असतो, म्हणून गाडीचा तळपत्रा कापावा लागतो. गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी नवी करावी लागते. मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट लांबीला कमी-जास्त करून पुन्हा तोलून घ्यावा लागतो. तेल थंड ठेवण्यासाठी नळ्या काढून रेडिएटरजवळ वेगळा कूलर बसवावा लागतो. गिअरमध्ये असताना इंजिन सुरूच होऊ नये, यासाठी स्विच हवा. तो नसेल तर किल्ली फिरवताच गाडी पुढच्या भिंतीवर!

घाटाचीही गोष्ट ध्यानात घ्या. उतारावर आपण दुसरा गिअर टाकतो, मग इंजिनच गाडीला आवरून धरते. ऑटोमॅटिक 'डी' वर ठेवून पाय उचलला, की डबा आपण होऊन वरचा गिअर घेतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. ड्रमचे ब्रेक तापले, की पकड सैल पडते. म्हणून असल्या गाडीतही उतारावर दांडा हाताने '2' किंवा 'एल' वर आणावाच लागतो. आणखी एक. बॅटरी उतरली, तर साधी गाडी चार माणसे ढकलून सुरू करतात. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या ढकलून सुरू होत नाहीत. मागची चाके जमिनीवर ठेवून ट्रॅक्टरने लांबवर ओढत नेल्या, तर तेलाअभावी आतले भाग जळतात.

आता गुरुजींकडे परत येऊ. त्यांची अडचण नेमकी कोणती? हात शाबूत आहेत, गिअर टाकता येतो. जड होतो तो फक्त क्लच. मग सारा गिअरबॉक्स का बदलायचा? मूळ गिअरबॉक्स तसाच ठेवून क्लच दाबण्याचे काम हाताकडे, विजेच्या मोटरकडे किंवा इंजिनाच्या ओढीवर चालणाऱ्या उपकरणाकडे देता येते. अपंग चालकांसाठी असे जोड बसवले जातात. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओत आलेल्या ए.एम.टी.चे तत्त्वही असेच होते: गिअरबॉक्स साधाच, क्लच दाबणारे आणि गिअर टाकणारे यंत्र तेवढे नवे. गुरुजींना त्यातले अर्धेच पुरते. पत्रा कापावा लागत नाही, शाफ्ट तसाच राहतो, घाटात दुसरा गिअर हातात राहतो आणि गाडी ढकलूनही सुरू होते.

कायद्याचेही पाहा. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीपुस्तकातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. मात्र शारीरिक व्यंग असलेल्या व्यक्तीसाठी गाडीत सोयीचा बदल करण्याची वाट कायद्याने ठेवली आहे. त्याला नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. तेव्हा फिटरकडे जाण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यासाठी चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. तसा विचार मनात असेल, तर तळपत्रा कापण्यापूर्वी दोनदा विचार करा. काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी बोल्टसुद्धा, चिठ्ठी लावून जपून ठेवा.

बदल झाल्यावर गाडी लगेच ताम्हिणीला नेऊ नका. आधी मोकळ्या मैदानात, मग पिरंगुटपर्यंतच्या रस्त्यावर हात बसू द्या. चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नका, हँडब्रेक लावा. नाहीतर क्लचच्या प्लेटी जळतील.

तात्पर्य, दुखणे कुठे आहे ते आधी ओळखा आणि तेवढ्याचाच इलाज करा. गुडघा दुखतो म्हणून कोणी साऱ्या अंगाला पट्ट्या बांधत नाही. गुरुजींच्या फियाटलाही तोच न्याय लावावा. मग वडिलांची गाडी वडिलांचीच राहील, आणि ती चालवायला गुरुजीही बसतील.