नसांची वेदना आणि मेंदूवरचे मळभ

मज्जातंतूला इजा झाल्यावर उद्भवणारी वेदना साध्या दुखण्याहून वेगळ्या जातीची असते. बोट कापले की ठणकते आणि जखम भरली की ठणका थांबतो. इथे जखम भरून गेली तरी नस स्वतःहून खोटे संदेश पाठवत राहते. तळपायांची आग होते, झिणझिण्या येतात, मधूनच विजेचा झटका बसावा तशी सणक उठते. काहींना पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. मधुमेह, नागीण, केमोथेरपी, अपघात, कुष्ठरोग अशी याची कारणे अनेक आहेत. साधारण 7 ते 10 टक्के लोकांना असा त्रास असावा असा अंदाज आहे. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनने त्यावर फारसा उतार पडत नाही.

यांपैकी बऱ्याच रुग्णांची आणखी एक तक्रार असते आणि ती केसपेपरवर क्वचितच उतरते. लक्ष लागत नाही, ऐनवेळी शब्द सापडत नाही, गॅसवर ठेवलेले दूध उतू जाते. अपुरी झोप आणि खचलेले मन यांचा त्यात वाटा असतोच, पण सगळा दोष त्यांच्यावर ढकलता येत नाही.

प्रयोगशाळेतल्या उंदरांनी हे दाखवून दिले. 2000 साली मांडलेल्या एका पद्धतीत उंदराच्या मागच्या पायातील सायटिक नसेच्या तीन शाखांपैकी दोन कापतात आणि एक शाबूत ठेवतात. काही दिवसांतच त्या पायाला नायलॉनचा बारीक धागा नुसता टेकवला तरी उंदीर पाय झटकतो. नसेला इजा झालेले उंदीर स्मरणाच्या चाचण्यांतही मागे पडतात. 2011 मध्ये चिनी संशोधकांनी यामागचा एक धागा पकडला. पायातली नस दुखावल्यावर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या भागात टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा रेणू वाढला होता. त्याचा संदेश स्वीकारणारे प्रथिन ज्या उंदरांत जन्मतःच नव्हते, त्यांची स्मरणशक्ती बिघडली नाही. पुढच्याच वर्षी जुनाट पाठदुखीच्या रुग्णांत हिप्पोकॅम्पसचा आकार निरोगी माणसांपेक्षा लहान असल्याचे आढळले.

आजच्या औषधांची पंचाईत इथेच आहे. गॅबापेंटिन हे औषध गाबा या मेंदूतल्या शांत करणाऱ्या रसायनाची नक्कल म्हणून बनवले गेले, पण ते गाबाच्या मार्गाने कामच करत नाही, असे नंतर लक्षात आले. ते चिकटते कॅल्शियम चॅनेलच्या अल्फा-2-डेल्टा नावाच्या घटकाला. हा शोध 1996 चा, म्हणजे औषध बाजारात आल्यानंतरचा. नस दुखावली की हे प्रथिन वाढते, म्हणून गॅबापेंटिन आणि त्याच्याच गटातले प्रीगॅबालिन तिथे उपयोगी पडतात. परंतु तेच प्रथिन मेंदूतही सर्वत्र आहे. त्यामुळे वेदनेबरोबर रुग्णही सुस्तावतो, त्याला गरगरते, विचार मंदावतो. याच वेदनेसाठी दिल्या जाणाऱ्या अमिट्रिप्टिलिनचे दुखणे वेगळे: स्मरणाला लागणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिनलाच ते अडथळा करते, आणि वयस्करांना हे जास्त बाधते. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यानुसार एका रुग्णाची वेदना निम्म्यावर यावी यासाठी अमिट्रिप्टिलिनच्या गटातील औषधे सुमारे 4 जणांना, तर प्रीगॅबालिन सुमारे 8 जणांना द्यावे लागते. ज्याने विसराळूपणा वाढू शकतो त्या औषधासाठी हा सौदा फारसा किफायतशीर म्हणता येणार नाही.

म्हणून मेंदूला हात न लावता वेदना उगमापाशीच अडवता येईल का, याचा शोध सुरू झाला. 2006 मध्ये उत्तर पाकिस्तानातील तीन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासाला कारण ठरलेला एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा. हातात सुऱ्या खुपसून घ्यायचा, निखाऱ्यांवर चालायचा. त्याला वेदना माहीतच नव्हती. किशोरवयातच छतावरून उडी मारून तो मरण पावला. त्या कुटुंबांतल्या अशाच मुलांची बुद्धी चांगली होती, त्यांना स्पर्श कळत होता, गरम-थंडही कळत होते. फक्त वेदना नव्हती. एनएव्ही 1.7 हे सोडियम चॅनेल बनवणारे त्यांचे जनुक निकामी होते. औषध कंपन्या त्या चॅनेलमागे धावल्या, पण हाती फारसे काही लागले नाही. हृदयाच्या आणि मेंदूच्या सोडियम चॅनेलशी त्याचे इतके साम्य आहे की नेमके तेवढेच बंद करणे अवघड ठरले.

त्याचेच भावंड असलेले एनएव्ही 1.8 मुख्यतः वेदनावाहक नसांत असते, मेंदूत जवळपास नसतेच. ते रोखणाऱ्या सुझेट्रिजीन या गोळीला अमेरिकेत 30 जानेवारी 2025 रोजी मान्यता मिळाली. मात्र ती शस्त्रक्रियेनंतर होते तशा तात्पुरत्या वेदनेसाठी. कमरेत नस दबल्याने होणाऱ्या वेदनेवरील चाचणीत गोळी घेतलेल्यांची वेदना कमी झाली, पण नकली गोळी घेतलेल्यांचीही जवळपास तेवढीच कमी झाली.

दुसरी वाट मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींकडे जाते. नस दुखावली की या पेशींवर पी2एक्स4 हे ग्राही प्रथिन वाढते, असे 2003 मध्ये उंदरांत दिसले. मग त्या बीडीएनएफ हा रेणू सोडतात आणि वेदनेला लगाम घालणारी यंत्रणा ढिली पडते. पण 2015 च्या प्रयोगात असे आढळले की ही साखळी प्रामुख्याने नर उंदरांत चालते. माद्यांत तेच काम वेगळ्या पेशी करतात. तोवर वेदनेचे बहुतेक प्रयोग नरांवरच होत आले होते. उंदरांत यशस्वी ठरलेली कितीतरी औषधे माणसात का फसली, याच्या उत्तराचा एक भाग इथे असू शकतो.

वेदना आणि विस्मरण दोन्हींवर चालेल असे मान्यताप्राप्त औषध आज नाही. दाहाचा मार्ग दोहोंना समान असल्याने आशा तिथेच अधिक दिसते. मेंदूतले बदल कायमचेच असतात असे नाही, हेही आता ठाऊक आहे: 2011 च्या एका अभ्यासात पाठदुखीवर उपचार झाल्यावर सहा महिन्यांत रुग्णांच्या मेंदूचा पातळ झालेला पुढचा भाग पुन्हा जाडसर झालेला दिसला. तेव्हा नसांच्या दुखण्यासाठी गोळ्या चालू असतील आणि विसराळूपणा जाणवत असेल, तर वयावर न ढकलता तो डॉक्टरांच्या कानावर घालावा. गोळी मात्र मनाने एकाएकी बंद करू नये; प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन आणि अमिट्रिप्टिलिन ही डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावी लागतात.