मोठ्या बसगाडींतील थंडावा कां कमी पडतो?

गेल्या एप्रिल महिन्यांत आमच्या शाळेचा खो-खोचा संघ सामन्यांसाठीं जळगांवास गेला होता. त्या प्रवासाची हकीकत विद्यार्थ्यांनीं घरीं सांगितलीच असेल. गाडी वातानुकूलित होती. म्हणजे तिच्या खिडक्यांच्या कांचा पक्क्या बसविलेल्या होत्या. सिल्लोड मागें पडल्यावर थंडावा उणावूं लागला, आणि दुपारीं दोनच्या सुमारास छतांतील झरोक्यांतून येणारी झुळूक नुसती कोंबट झाली. साध्या एस.टी.मध्यें उकाडा झाला तर खिडकी सरकवितां येते. येथें ती सोय नव्हती. एका मुलीस घेरी आली, दोघां मुलांस वांत्या झाल्या. गाडी निंबाच्या झाडाखालीं उभी करून, सर्वांस खालीं उतरवून, ओल्या रुमालांनीं व मीठसाखरेच्या पाण्यानें त्यांस सांवरावें लागलें.

उष्णतेचें प्रकरण आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकवितों. परंतु डोक्यावरचें यंत्र मंदावलें तेव्हां त्यांत काय पाहावें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. याची लाज वाटून पुढें आम्ही या कामांतील जाणत्या कारागिरांजवळ जाऊन बसलों, कांहीं वाचलें व कांहीं स्वतः पाहिलें. तें येथें मांडतों. सहलीसाठीं, वऱ्हाडासाठीं अशा गाड्या ठरविणाऱ्या पालकांसही त्याचा उपयोग होईल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हें यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. विहिरींतील पाणी मोटेनें उपसून पाटांत सोडावें, त्याप्रमाणें तें गाडींतील उष्णता उपसून बाहेर टाकतें. मोट फाटकी असेल, नाडा निसटत असेल, किंवा पाट गाळानें तुंबला असेल, तर मळा कोरडाच राहावयाचा. म्हणून थंडावा कमी पडला कीं ‘थंडी कोठें गेली?’ असें न विचारतां, ‘उष्णता वाटेंत कोठें अडली?’ असें विचारावें.

ती वाट अशी. मातीच्या माठांतील पाणी पाझरून त्याची वाफ होते, त्यासाठीं लागणारी उष्णता आंतील पाण्यांतून घेतली जाते, आणि पाणी गार होतें. यंत्रांत पाण्याऐवजीं एक निराळा द्रव असतो. कारागीर त्यास नुसता ‘गॅस’ म्हणतात. पुष्कळ बसगाड्यांत जो आर-१३४ए नांवाचा गॅस असतो, तो वातावरणाच्या साध्या दाबाखालीं उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळूं लागतो. छतांतील नळ्यांच्या एका जाळ्यांत, म्हणजे कूलिंग कॉईलमध्यें, हा द्रव उकळतो. पंखे गाडींतील हवा त्या नळ्यांवरून ढकलतात, व हवेंतील उष्णता त्या द्रवांत जाते. पुढें कॉम्प्रेसर त्या वाफेस दाबतो. दाबल्यानें ती बाहेरच्या हवेहूनही तप्त होते, आणि हें आवश्यकच आहे. कारण उष्णता नेहमीं अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. वैशाखांत बाहेर ४२ अंश असतां गॅस त्याहून पुष्कळ तापल्याखेरीज आपली उष्णता टाकणार कोठें? ती तो गाडीच्या टपावरील कंडेन्सर नांवाच्या दुसऱ्या जाळ्यांत टाकतो, पुन्हां द्रव होतो, आणि एका अरुंद छिद्रांतून दाब उतरून कॉईलकडे परत जातो. सारें चक्र बंद नळ्यांतून चालतें.

आतां काम किती मोठें असतें तें पाहा. स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारें १०० वॅट उष्णता बाहेर टाकीत असतो. गाडींत पंचेचाळीस माणसें असलीं तर एकूण साडेचार हजार वॅट. जणूं चार-पांच विजेच्या इस्त्र्या आंत सतत तापत आहेत. शिवाय कांचांतून येणारें ऊन, तापलेला पत्रा आणि दार उघडलें कीं शिरणारी झळ हीं निराळींच. घरच्या खोलींतील दीड टनी यंत्र सेकंदास सुमारें ५ किलोज्यूल उष्णता हलवितें. मोठ्या बसच्या यंत्रास त्याच्या पांचसहापट हलवावी लागते. (हा ‘टन’ यंत्राच्या वजनाचा नव्हे. सुमारें ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळविण्यास जितकी उष्णता लागते, तितकी हलविणें म्हणजे एक टन. एके काळीं गारवा बर्फाच्या रूपानेंच विकत मिळे. १८३३ सालीं अमेरिकेंतून गलबतानें आलेला बर्फ कलकत्त्यास उतरला होता.)

आमच्या गाडीकडे वळूं. चालक म्हणाला, “सर, गॅस संपला असेल.” वाटेंतील एका दुरुस्तीच्या दुकानांत नेलें. तेथील इसमानेंही तेंच सांगितलें, दाबमापक न लावतां गॅस भरला, व मुलांच्या वर्गणींतून बरीच मोठी रक्कम घेतली. तासाभरानें पुन्हां तीच स्थिति! ‘गॅस संपला’ हें वाक्य इतकें सर्रास बोललें जातें कीं तें आम्हांसही खरें वाटलें. पण गॅस म्हणजे डिझेल नव्हे. तो जळत नाहीं, खर्च होत नाहीं. वर सांगितल्याप्रमाणें तो बंद चक्रांत फिरतो. तो कमी झाला असेल तर कोठून तरी गळला आहे, आणि गळती न शोधतां नवा भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. बसगाडीच्या नळ्या लांब असतात, धक्के फार बसतात. म्हणून सांधे सैल होऊन किंवा कॉम्प्रेसरच्या दांड्याजवळील सील झिजून गळती होऊं शकते, हें खरें. परंतु तिची खूण असते. गॅसाबरोबर यंत्रांतील तेलही झिरपतें, त्यामुळें गळक्या सांध्यावर तेलकट डाग पडून त्यावर धूळ चिकटते. तेथें साबणाचा फेंस लावला असतां बुडबुडे येतात. पुष्कळ यंत्रांत नळीवर एक लहान कांच बसविलेली असते. यंत्र चालूं असतां तींतून बुडबुड्यांची रांग सतत वाहतांना दिसली तर गॅस कमी असण्याचा संभव फार. मापक लावले असतां दोन्हीं बाजूंचा दाब कमी भरतो. यांपैकीं एकही खूण न पाहतां गॅस भरूं देऊं नये. तो फाजील झाला तर कंडेन्सरमधील जागा द्रवानेंच व्यापते, दाब चढतो, व थंडावा उलट घटतो.

दुसरे दिवशीं जळगांवीं एका वृद्ध कारागिरानें गाडी पाहिली. हत्यार हातीं घेण्यापूर्वीं त्यानें एकच प्रश्न केला: “वारा कमी येतो, कीं वारा येतो पण गार येत नाहीं?” आमच्यांतील कोणासही ह्या दोहोंतील भेद सुचला नव्हता. झरोक्यावर हात धरून पाहिला तों वाराच क्षीण होता. त्यानें छतांतील परतीच्या हवेची जाळी उघडून आंतील फिल्टर काढला. तो धूळ, केंस व कपड्यांचे तंतु यांनीं असा माखला होता कीं घोंगडीचा तुकडाच वाटावा. हवा कॉईलपर्यंत पोंचतच नव्हती. मग गॅसानें उष्णता घ्यावी कोणाकडून? तो धुऊन वाळविला, टपावरील कंडेन्सरच्या पत्र्यांत अडकलेली माती व कापसाचे पुंजके पाण्याच्या हलक्या धारेनें काढले, आणि आदल्या दिवशीं भरलेला फाजील गॅस यंत्रानें नळकांड्यांत ओढून घेतला. परतीच्या वाटेंत मुलींनीं पांघरुणें मागितलीं.

तो गॅस त्यानें हवेंत कां सोडला नाहीं, असें एका विद्यार्थ्यानें विचारलें होतें. पूर्वींचा आर-१२ नांवाचा गॅस पृथ्वीभोंवतालच्या ओझोन थरास घातक ठरला, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रिअल कराराअन्वयें तो क्रमाक्रमानें बंद करण्यांत आला. त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए ओझोनास अपाय करीत नाहीं. परंतु शंभर वर्षांच्या हिशोबानें त्याचा एक किलो पृथ्वी तापविण्यांत सुमारें चौदाशें किलो कार्बन डाय-ऑक्साइडच्या तोडीचा आहे. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीनें असे गॅसही हळूहळू कमी करावयाचें ठरलें.

वारा क्षीण असण्याचें आणखी एक कारण चमत्कारिक आहे. कॉईलवरून हवा कमी वाहिली तर तिजवर दंव जमून त्याचा बर्फ होतो, व तो उरलीसुरली वाटही बुजवितो. प्रारंभीं थंडावा उत्तम, तासाभरानें वारा मंद, आणि थोडा वेळ कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसते पंखे चालविले कीं पुन्हां ठीक, असा क्रम दिसला तर हेंच समजावें. छतांतून डोक्यावर पाणी ठिबकूं लागलें तर बहुधा कॉईलवरील दंवाचें पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असते.

वारा जोरानें येतो पण गार नाहीं, अशा वेळीं कॉम्प्रेसर फिरतो आहे काय हें पाहावें. त्याचें चाक पट्ट्यानें सतत फिरत असतें, पण विजेचा क्लच जोडला गेला तरच कॉम्प्रेसर फिरतो. म्हणून चाकाच्या पुढील तबकडीकडे नजर ठेवावी. पट्टा ढिला असेल तर तो घसरतो, किंचाळतो, व त्याची कड चकचकीत होते. गाडी थांबली कीं थंडावा जातो व वेगांत येतो, असें असल्यास टपावरील कंडेन्सरचे पंखे फिरतात कीं नाहीं तें तपासावें. मंद चालणाऱ्या इंजिनावर कॉम्प्रेसरही मंदच चालतो, हें मात्र स्वाभाविक आहे; तो दोष नव्हे.

कधीं यंत्र निर्दोष असून गाडीच दोषी असते. दाराचें रबर फाटलेलें, बाहेरची हवा घेणारी झडप उघडीच राहिलेली, किंवा गाडी चार तास उन्हांत उभी करून प्रवासी बसल्यावर यंत्र सुरू केलेलें. कोंकणांत पावसाळ्यांत यंत्राची बरीच शक्ति हवेंतील ओलावा पाण्याच्या रूपानें काढण्यांतच जाते.

हें सर्व पाहतांना फिरत्या पट्ट्याजवळ हात नेऊं नये, टपावर मुलांनीं चढूं नये, आणि नळीचा सांधा कोणींही सोडूं नये. आंतील दाब वातावरणाच्या पंधरावीस पट असूं शकतो, व अंगावर उडालेला द्रव कातडी गोठवितो. विद्यार्थ्यांचें हत्यार एकच: तापमापक. यंत्र पंधरा-वीस मिनिटें चालल्यावर परतीच्या जाळीजवळ व झरोक्याच्या तोंडाशीं तापमान मोजावें. सुमारें दहा अंशांचा फरक असेल तर यंत्र आपलें काम करीत आहे. दोन-चार अंशच असेल तर गाडी सुटण्यापूर्वींच मालकास सांगावें.

यंदाच्या सहलीच्या आदल्या दिवशीं नववीच्या दोन विद्यार्थ्यांनीं गाडी अशी मोजली. जाळीपाशीं ३३ अंश, पुढच्या झरोक्यापाशीं २२, मागच्या झरोक्यापाशीं २९. चालकानें मागची जाळी उघडली. तीमागें कोणाची तरी वर्तमानपत्राची घडी हवेनें ओढली जाऊन फिल्टरला चिकटून बसली होती.