अपरान्त : नाण्यांवरचे सत्तांतर

डहाणूपासून बोईसर-तारापूर, पालघरवरून सोपाऱ्यापर्यंतची किनारपट्टी प्राचीन काळी अपरान्तात मोडत होती. पहिल्या-दुसऱ्या शतकांत क्षत्रप आणि सातवाहन या प्रदेशासाठी झगडले.

आधी तो क्षत्रपांच्या क्षहरात घराण्यातील नहपानाकडे होता. नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखात त्याचा जावई उषवदात याने डहाणुका, दमण, पारदा अशा नद्यांवर फुकट नावांची सोय केल्याची आणि शूर्पारकात, म्हणजे सोपाऱ्यात, धर्मशाळा बांधल्याची नोंद आहे. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर एकीकडे त्याचा चेहरा व ग्रीक अक्षरे, दुसरीकडे बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख असत.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. त्याची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिक येथील लेखात त्याच्या ताब्यातील प्रदेशांची यादी आहे. असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावंती अशी ती नावे. नाण्यांचा पुरावा याहून बोलका आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तपासलेल्या सुमारे १३,२५० नाण्यांपैकी ९,२७० च्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला होता : एकीकडे तीन कमानींचा डोंगर व राजाचे नाव, दुसरीकडे उज्जयिनी चिन्ह. अनेक नाण्यांवर नहपानाचे नाक-डोळे आणि अक्षरे त्याखालून अजून दिसतात. नाणी वितळवून नवी पाडण्यापेक्षा हे सोपे तर होतेच. शिवाय नाणे हातात घेणाऱ्या प्रत्येकाला सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली हे एका नजरेत कळत होते.

विजय नाण्यांवर दाखवण्याची रोमची रीत वेगळी होती. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेम पडल्यावर सम्राट वेस्पासियनने पुढच्याच वर्षी काशाची मोठी नाणी काढली. खजुराच्या झाडाखाली शोक करत बसलेली स्त्री हे त्यांवर जिंकलेल्या यहुदी प्रांताचे रूप होते. सातवाहनांनी अपरान्ताला असे मानवी रूप दिले नाही. त्यांनी हरलेल्या राजाचा चेहराच झाकला.

तरीही हा प्रदेश त्यांच्याकडे निर्वेध राहिला नाही. क्षत्रपांच्या दुसऱ्या, कार्दमक घराण्यातील रुद्रदामन याच्या गिरनारच्या लेखात, इसवी सन १५० मध्ये, अपरान्त त्याच्या राज्यात गणला आहे. दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवूनही जवळच्या नात्यामुळे समूळ नष्ट केले नाही, असेही त्यात म्हटले आहे.

पुढे सातवाहन पुन्हा सावरले. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा त्यात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. त्यावर राजाचा चेहरा आहे. चेहऱ्याचे नाणे ही क्षत्रपांची पद्धत होती, आणि विजेत्यांनी ती उचलून आपल्या चिन्हांशी जोडली.